पडलेल्या विमानांचे अवशेष आणि त्यांचे दफ्तर

गोदावरीच्या काठी नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारख्या गावी, जेथे बंधाऱ्याने अडविलेले पाणी, काळेश्वराचे देवालय आणि गेल्या चार-पाच दशकांत उभ्या राहिलेल्या विद्यापीठाच्या व महाविद्यालयांच्या इमारती एवढाच पसारा दृष्टीस पडतो, तेथे बसून युद्धात कोसळलेल्या लढाऊ विमानांच्या अवशेषांविषयी विस्ताराने लिहावे, हे प्रथमदर्शनी कित्येकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. महायुद्धाची आघाडी ह्या भूमीपासून फार दूर होती. परंतु नांदेड जिल्हा, आणि आजच्या लातूर जिल्ह्यातील तालुके, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेतील लातूर-औसा आणि बिदर जिल्ह्यात मोडणारे उदगीर, निलंगा, अहमदपूर, हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. आणि निजामाने ब्रिटिशांच्या हवाई युद्धास पैसा पुरविला, ही गोष्ट इतिहासाला ठाऊक आहे. तो पैसा दिवाणीच्या, म्हणजे सरकारी, खजिन्यातून गेला असो वा सर्फेखास म्हणजे निजामाच्या खाजगी उत्पन्नातून, त्याचे मूळ अखेरीस रयतेने भरलेल्या जमीनमहसुलातच होते. ज्याच्या शेतसाऱ्यातून विमान निर्माण झाले, त्या शेतकऱ्याच्या वंशजास त्या विमानाचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार पोहोचतो, आणि त्याच अधिकाराने प्रस्तुत आढावा घेण्याचे योजिले आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या देणगीतून ब्रिटिश हवाईदलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीस द हॅविलंड ९ए जातीची बाँबफेकी विमाने मिळाली, आणि त्या तुकडीच्या नावाला ‘हैदराबाद’ हे नाव कायमचे जोडले गेले. विमान निजामाने दिलेले आहे अशा आशयाचा मजकूर त्याच्या अंगावर रंगविलेला असे. त्यांपैकी एफ १०१० ह्या क्रमांकाचे, ‘हैदराबाद १२ए’ अशी खूण धारण करणारे विमान यॉव्हिल येथील वेस्टलंड कारखान्यात तयार झाले; ५ ऑक्टोबर १९१८ रोजी कॅप्टन इंग्लिस व लेफ्टनंट बॉडली हे दोघे ते घेऊन कायझरस्लाउटर्नच्या रोखाने गेले आणि परत आले नाहीत. शत्रूच्या मुलखात उतरणे भाग पडून ते युद्धकैदी झाले व विमान जर्मनांच्या हाती पडले. युद्ध संपण्यास तेव्हा पुरते सहा आठवडेही राहिले नव्हते.

ह्या एका विमानाचे पुढील चरित्र इतके विलक्षण आहे की अवशेषसंग्रहाच्या सबंध प्रश्नाचा उलगडा त्यातूनच होऊ शकेल. जर्मनांनी ते मोडीत काढले नाही, तर विजयचिन्ह म्हणून जतन केले, आणि १९३६ मध्ये बर्लिनमध्ये उघडलेल्या विमानसंग्रहालयात ते मांडण्यात आले. १९४३ मध्ये त्या संग्रहालयावरच बाँब पडले. वाचलेल्या वस्तू तेथून पूर्वेकडे हलविण्यात आल्या, आणि सरहद्दी बदलून गेल्यावर त्या पोलंडच्या ताब्यात राहिल्या. अशा रीतीने हैदराबादच्या नावाचे ते विमान क्राको येथील विमानसंग्रहालयात येऊन पडले. १९७७ मध्ये ब्रिटिशांनी त्याच्या बदल्यात पोलंडला एक स्पिटफायर विमान दिले, एफ १०१० स्वदेशी नेले, गहाळ झालेले भाग नव्याने घडवून ते दुरुस्त केले आणि लंडनच्या हेंडन भागातील ब्रिटिश शाही हवाईदलाच्या संग्रहालयात उभे केले. एका देणगीच्या विमानाने साठ वर्षांत तीन राष्ट्रांचे ताबे पाहिले. पण एवढ्या उलथापालथीत त्याची ओळख पुसली गेली नाही, ह्याचे कारण त्याच्या अंगावरचा क्रमांक आणि त्या क्रमांकाशी जुळणारे कागद हे दोन्ही शाबूत राहिले. आमच्या मते अवशेषाचे मूल्य येथे ठरते. क्रमांक, ठिकाण, तारीख आणि माणसांची नावे ज्याच्याशी जोडता येतात, तो धातूचा तुकडा इतिहासाचा साक्षीदार होतो. हे धागे तुटले की तोच तुकडा वजनावर विकण्याच्या योग्यतेचा उरतो, मग तो कितीही सुंदर काचेच्या कपाटात ठेवलेला असो.

दुसऱ्या महायुद्धात हीच देणगीची पद्धती अधिक विस्ताराने चालली. एका स्पिटफायरची किंमत नाममात्र ५,००० पौंड धरून संस्थानिक, प्रांत, नगरपालिका व व्यापारी पेढ्या ह्यांच्याकडून निधी गोळा करण्यात आला, आणि मोठ्या देणगीदारांची नावे तुकड्यांना देण्यात आली. १२२ वी तुकडी ‘मुंबई’ची आणि १३२ वी ‘मुंबई शहरा’ची झाली, गायकवाडांच्या बडोद्याचे नाव १२४ व्या तुकडीस मिळाले व तिच्या मानचिन्हावर मुंगूस आले. हैदराबादच्या नावाच्या आणखी दोन तुकड्या उभ्या राहिल्या: १५२ वी, जिच्या मानचिन्हावर निजामाचे शिरोभूषण आणि ब्रिटिशांनी निजामास दिलेला ‘यार-ए-वफादार’ हा किताब इंग्रजी रूपात विराजमान झाला, आणि २५३ वी, जिला ‘हैदराबाद संस्थान’ असे नाव होते. १५२ वी तुकडी स्पिटफायर घेऊन डॉर्सेट परगण्यातील वॉर्मवेलहून १९४० च्या उन्हाळ्यात लढली व पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही गेली; २५३ व्या तुकडीकडे हरिकेन विमाने होती.

ह्या २५३ व्या तुकडीची एक कथा अवशेषसंग्राहकांच्या जगात विशेष प्रसिद्ध आहे, आणि ती आमच्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. २९ ऑगस्ट १९४० रोजी ही तुकडी स्कॉटलंडमधून लंडनच्या दक्षिणेस केनली येथे आली व दुसऱ्याच दिवशी तिला मोठ्या संग्रामास तोंड द्यावे लागले. त्या ३० ऑगस्टला एल १९६५ क्रमांकाचे हरिकेन घेऊन वर गेलेला कॉलिन फ्रान्सिस हा अवघ्या १९ वर्षांचा वैमानिक परत आला नाही. तो बेपत्ता ठरला, आणि ४१ वर्षे बेपत्ताच राहिला. १९८१ मध्ये केंट परगण्यातील रॉथम गावाजवळच्या एका शेतात, जमिनीत खोल रुतलेले विमान उकरून काढताना त्याचे अवशेष वैमानिकाच्या जागेवर तसेच सापडले. ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत त्याला यथाविधी मूठमाती देण्यात आली. हे विशिष्ट विमान कोणाच्या पैशातून आले होते हा प्रश्न वेगळा. पण त्याच्या तुकडीवर नाव होते ते आमच्या मुलखाचे, आणि तो मुलगा त्या नावाखाली मेला, एवढे तरी मराठवाड्याने जाणून असावे.

विमान इतके खोल कसे जाते, हे सांगणे येथे इष्ट होईल. मोठ्या उंचीवरून सरळ खाली आलेल्या लढाऊ विमानाचे पंख व शेपटी आपटण्याच्या क्षणी चुरा होऊन आजूबाजूस विखुरतात, तर नाकातील जड इंजिन आपल्यामागून वैमानिकाचा कक्ष ओढीत मऊ जमिनीत कित्येक फूट घुसते. चिकणमातीत, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे धातूच नव्हे तर कागद, चामडे व कापडही दशकानुदशके टिकते. वाळूत किंवा मुरमाड जमिनीत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पांढरी भुकटी होऊन जाते आणि मॅग्नेशियमचे भाग तर ओळखूही येत नाहीत. युद्धकाळी सरकारी पथकांनी वरचे अवशेष उचलले, खड्डा बुजविला आणि शेतकरी पुन्हा नांगरू लागला. नांगराच्या फाळाला दर वर्षी काहीतरी लागत राही, मुले ते गोळा करीत, आणि अशा गोळा केलेल्या तुकड्यांतूनच १९६०-७० च्या दशकांत हौशी मंडळींची खणती सुरू झाली. धातुशोधक यंत्रे आली, गावातील वृद्धांच्या साक्षी घेतल्या जाऊ लागल्या, आणि हॉकिंज व टँगमिअर येथील संग्रहालयांत वाकलेले पंखे, फुटलेली इंजिने, हवाई छत्रीचे तुकडे, घड्याळांच्या तबकड्या ह्यांनी दालने भरून गेली.

ह्या हौशी मंडळींविषयी आदर ठेवूनच लिहिणे प्राप्त आहे. सरकारने सोडून दिलेली माणसे त्यांनी शोधली. मोडक्या पत्र्यावर उठविलेला कारखान्याचा छाप, तपासनिसाचा शिक्का, इंजिनावरील ताम्रपट्टी किंवा मशीनगनचा क्रमांक ह्यांच्या आधारे तुकडीच्या रोजनिशीतील एकेका नोंदीपर्यंत पोहोचण्याची जी विद्या त्यांनी सिद्ध केली, ती आमच्या ताम्रपट-शिलालेख वाचणाऱ्या पंडितांच्या विद्येहून कमी प्रतीची नाही. तथापि त्याच काळात यंत्रे लावून एका दिवसात खड्डा मोकळा करणारी, कोणता भाग किती खोल व कोणत्या बाजूस सापडला ह्याची नोंद न ठेवणारी, सापडलेली माल-मिळकत आपसांत वाटून घेणारी मंडळीही निपजली, आणि मानवी अवशेष असतील अशी शंका असताही खणती झाल्या. ह्या अनवस्थेला आळा घालण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १९८६ मध्ये लष्करी अवशेषांच्या संरक्षणाचा कायदा केला: लष्करी सेवेत असताना कोसळलेले प्रत्येक विमान आपोआप संरक्षित, आणि संरक्षण मंत्रालयाच्या परवान्यावाचून त्यास हात लावणे गुन्हा. नेदरलंड्सच्या सरकारने २०१९ पासून एक पाऊल पुढे टाकले आणि बेपत्ता वैमानिकांचे अवशेष असण्याचा संभव असलेली विमाने सरकारी खर्चाने काढण्याचे धोरण आखले. अमेरिकेत मात्र दोन दलांचे दोन न्याय आहेत: नौदल आपल्या विमानावरील मालकी किती काळ लोटला तरी सोडीत नाही, आणि हवाईदल १९ नोव्हेंबर १९६१ पूर्वी पडलेल्या विमानांवरचा हक्क सोडून दिल्याचे मानते. हा भेद धातूपुरता आहे. माणसांच्या अस्थींवरचा हक्क त्यांनी कोठेही सोडलेला नाही.

अस्थी आणि ओळख ह्यांचा हा संबंध मराठी घरापर्यंतही पोहोचलेला आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात वैमानिक म्हणून लढलेल्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी एक होत. २३ व्या तुकडीतून सॉपविथ डॉल्फिन विमान घेऊन गेलेले वेलिणकर २७ जून १९१८ रोजी शत्रूच्या मुलखात पाडले गेले व तीन दिवसांनी जखमांनी मरण पावले. जर्मनांनी त्यांना पुरले, पण कबरीवर नाव भलतेच लिहिले गेले. ती कबर त्यांचीच हे निश्चित होण्यास युद्धोत्तर काळात चौकशी करावी लागली. आज फ्रान्समधील हँगार येथे त्यांची कबर त्यांच्या खऱ्या नावाने उभी आहे. विमानाचा एक खिळाही घरी आला नसेल, पण नाव परत मिळाले.

आता हिंदुस्थानाकडे वळू. ह्या देशात विमानावशेषांची सर्वांत मोठी भूमी म्हणजे अरुणाचल, नागालँड, आसाम हा ईशान्येचा डोंगराळ पट्टा होय. जपान्यांनी १९४२ मध्ये ब्रह्मदेशाचा रस्ता तोडल्यावर चीनला रसद पोहोचविण्यासाठी अमेरिकनांनी आसामच्या धावपट्ट्यांवरून पूर्व हिमालयाची रांग ओलांडून कुनमिंगपर्यंत जो हवाई मार्ग चालविला, त्यावर सुमारे साडेसहा लाख टन माल गेला, आणि अमेरिकी नोंदींप्रमाणे ५९४ विमाने व १,६५९ माणसे खर्ची पडली. ढग, बर्फ, वादळी वारे आणि अपुरे नकाशे ह्यांनी शत्रूपेक्षा अधिक बळी घेतले. २५ जानेवारी १९४४ ह्या एकाच दिवशी हरवलेल्या लिबरेटर विमानांपैकी एक, ज्यावर आठ माणसे होती, ते २००६ मध्ये सियांग खोऱ्यातील दामरो गावाच्या वर, ॲरिझोनाहून येणारे क्लेटन कुहल्स ह्यांनी शोधून काढले. २००३ पासून हा गृहस्थ स्थानिक शिकाऱ्यांना वाटाडे म्हणून घेऊन डोंगर चढतो, विमानाचा क्रमांक टिपतो आणि नातेवाइकांना कळवितो. त्या लिबरेटरवरील लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड ह्यांची ओळख पटून २०१७ मध्ये जॉर्जियातील त्यांच्या गावी अंत्यसंस्कार झाले. मध्यंतरी किती वर्षे गेली पाहा: विमान सापडल्यापासून अस्थी घरी पोहोचेपर्यंत अकरा, आणि विमान पडल्यापासून त्र्याहत्तर.

ह्या प्रदेशातील गावकऱ्यांनी पडक्या विमानांचे काय केले, ह्याबद्दल बाहेरचे संग्राहक क्वचित नाराजीने बोलतात. त्यांनी पत्रे कापून आणले, भांडी-कुंडी केली, सुऱ्यांना मुठी बसविल्या, कुंपणे घातली. मला ह्यात तक्रार करण्याजोगे काही दिसत नाही. ज्या काळी आमच्याही खेड्यांत जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पातेले हा संसारातला एक ऐवज गणला जाई, त्या काळी डोंगरात बेवारस पडलेला उत्कृष्ट प्रतीचा ॲल्युमिनियम गरिबाने वापरला नसता तरच नवल. शिवाय त्याच शिकाऱ्यांच्या स्मरणातून आज विमानांचा माग लागतो. त्यांनी पत्रा नेला, पण जागा लक्षात ठेवली. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी अरुणाचलात पासीघाट येथे ह्या हवाई मार्गाच्या स्मरणार्थ संग्रहालय उघडले आणि डोंगरांतून आणलेले अवशेष तेथे मांडले गेले. वस्तू जेथे सापडली त्याच प्रदेशात राहिली, ही त्या संग्रहालयाची सर्वांत मोठी पुण्याई आहे, असे माझे मत आहे.

मोडीतून पुन्हा विमान उभे करण्याचा पराक्रमही ह्याच देशात घडला आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरच्या चकेरी तळावर पुष्कळ लिबरेटर विमाने निरुपयोगी करून टाकली. कोणी पुन्हा उडवू नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली, इंजिनांत वाळू ओतली. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या कारागिरांनी १९४८ मध्ये त्या ढिगाऱ्यातून निवडून, एकाचा भाग दुसऱ्यास बसवून, ती बंगलोरपर्यंत उडून जाण्याइतपत डागडुजीने उभी केली आणि चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी ह्यांनी एकामागून एक तेथे नेली. अशी ४२ विमाने भारतीय हवाईदलात दाखल झाली व १९६८ पर्यंत चालली. आज हेंडनसह जगातील कित्येक संग्रहालयांत जी लिबरेटर दिसतात ती ह्या भारतीय मोडीतली आहेत. परदेशी तज्ज्ञांनी अशक्य ठरविलेले काम येथल्या फिटर व पत्रेकारांनी केले. त्यांची नावे मात्र कोठे लिहून ठेवलेली आढळत नाहीत, आणि ह्याची खंत वाटते.

कायद्याच्या अंगाने पाहता आमच्याकडे ह्या अवशेषांची स्थिती फार चमत्कारिक आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी लागते. पण तो कायदा पुरलेल्या धनाचा विचार करतो, शेतात रुतलेल्या इंजिनाचा नव्हे. पुरावशेषांविषयीचा १९७२ चा कायदा शंभर वर्षे जुन्या वस्तूस संरक्षण देतो. तेव्हा १९४२ मध्ये पडलेल्या विमानाचा पंखा २०४२ पर्यंत त्याच्या कक्षेत येत नाही. त्याच कायद्यात ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितास व दस्तऐवजास मात्र पंचाहत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे त्याच विमानातून वैमानिकाची वही निघाली तर ती पुरावशेष ठरू शकते, आणि तिच्याखालचे इंजिन भंगारवाल्याच्या तराजूत जाऊ शकते. ब्रिटिशांसारखा विमानाविषयी स्वतंत्र कायदा आमच्याकडे नाही. असा कायदा व्हावा हे मला निश्चितपणे वाटते, आणि त्यात सापडलेल्या वस्तूपेक्षा सापडल्याच्या जागेचा पंचनामा अधिक महत्त्वाचा मानला जावा.

कारण कायदा नसला की जागा बाजार घेतो. विमानाचा पत्रा फळीवर ठोकून, खाली पितळी पट्टीवर प्रसिद्ध वैमानिकाचे नाव कोरून विकण्याचा धंदा परदेशांत जोरात आहे. पत्रा खरा असतो, नावाचा पुरावा नसतो. प्रकाशमान तबकड्यांत रेडियम असते, पट्ट्यांतल्या गोळ्या ऐंशी वर्षांनीही जिवंत असू शकतात, आणि हौसेने घरी आणलेली वस्तू घरच्या मुलांना बाधक ठरते, ही गोष्ट विक्रेता सांगत नाही. लोभाहूनही आशा अधिक फसवते. ब्रिटिशांनी युद्धाअखेर पेट्यांत घालून पुरलेली स्पिटफायर ब्रह्मदेशात मिंगलाडॉन विमानतळाखाली आहेत, ह्या दृढ श्रद्धेने डेव्हिड कंडल नावाच्या एका शोधकाने वर्षानुवर्षे शोध घेतला. २०१३ च्या आरंभी पुरातत्त्वज्ञांसह प्रत्यक्ष खणती झाली आणि विमान एकही निघाले नाही. साक्षी पुष्कळ होत्या, पण तुकडीच्या दफ्तरात पेट्या पुरल्याची नोंद नव्हती. मौखिक साक्ष कागदाशी ताडून न पाहता फावडे उचलू नये, एवढे तरी त्या प्रकरणातून संग्राहकांनी घ्यावे.

स्वातंत्र्योत्तर काळातील आमच्या हवाईदलाच्या हानीचा विचार केला की हा विषय जुन्यापुराण्या वस्तूंचा राहत नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ माणसांसह हिमाचलच्या बर्फात नाहीसे झालेले ए एन-१२ वाहतूक विमान २००३ मध्ये गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणार्थींना सापडले, आणि २०२४ च्या सप्टेंबरातही हिमनदीने आणखी चार मृतदेह परत दिले. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवर हल्ला करण्यास गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे परतले नाहीत. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू दमयंती तांबे ह्यांनी बेपत्ता सैनिकांचा शोध पुढे दशकानुदशके चालविला, आणि १९८३ व २००७ मध्ये अशा कुटुंबीयांची मंडळे पाकिस्तानच्या तुरुंगांपर्यंत जाऊन आली. विमान कोठे पडले, त्यात कोणी होते की नव्हते, ह्याचा एक निर्विवाद पुरावा मिळता तर कित्येक घरांना निदान दिवस-कार्य करता आले असते किंवा अधिक जोराने दाद मागता आली असती. ज्यांच्या गावोगावी वेशीवर वीरगळ उभे आहेत, त्या लोकांना मृताची जागा निश्चित करण्याचे महत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

महाराष्ट्रात ह्या विषयाची काय सामग्री आहे? पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या, कायमची निगा राखणे शक्य नव्हते अशा कबरी एकत्र आणून पुण्याच्या खडकीत जी युद्ध-दफनभूमी केली, तीत दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिक आहेत, आणि त्यांत वैमानिकही आहेत. प्रत्येक शिळेवर तारीख आहे. ती तारीख हवाईदलाच्या अपघात-नोंदींशी ताडून पाहिली तर दख्खनच्या पठारावर कोठे कोणते विमान पडले, ह्याची तालुकावार यादी तयार होऊ शकते, आणि एखाद्या हुशार विद्यार्थ्याचे हे दोन वर्षांचे काम आहे. ओडिशातील अमर्दा रोड येथे, जेथे २६ जुलै १९४५ रोजी दोन लिबरेटर आकाशात आदळून चौदा माणसे गेली, तेथे स्थानिक अभ्यासकांनी नेमके हेच केले: कागद आणि गावातल्या वृद्धांची आठवण ही दोन्ही टोके जुळवून आणली.

मराठवाड्यात कामाचा आरंभ ह्याहून निकट गोष्टीपासून करावा लागेल. उदगीरच्या शेजारी बिदरची धावपट्टी आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक युद्धातील लँकास्टर बाँबफेकी विमानाच्या धाटणीची लँकास्ट्रियन विमाने कराचीहून रात्री उडवीत निजामाच्या फौजेसाठी शस्त्रे आणी, ती ह्या बिदरला व वरंगळला उतरत. सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाले आणि १७ तारखेला तो खेळ संपला. त्या रात्रींचे आवाज ऐकलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्या वेळचे पाटील-पटवाऱ्यांचे अहवाल, पोलिसांच्या वर्द्या, मजुरी वाटल्याचे हिशेब उर्दूत व मोडीत आहेत. काही हैदराबादेत तारनाका येथील अभिलेखागारात असतील, तर काही आमच्याच वाड्यांतून, पेट्यांतून, वाळवीच्या तोंडी आहेत. १९४८ च्या कागदास २०२३ मध्ये पंचाहत्तर वर्षे पुरी झाली. म्हणजे ऐतिहासिक मोलाचा ठरेल असा त्यांतला प्रत्येक कागद आता कायद्याने पुरावशेष होऊ शकतो. विष्णुपुरीच्या विद्यापीठात उर्दू आणि मोडी दोन्ही वाचू शकणारे दोन-चार विद्यार्थी ह्या कामास लावून, मूळ कागद मालकाकडेच ठेवून त्यांच्या छायाप्रती घेण्याची व वृद्धांच्या जबान्या तारीखवार लिहून घेण्याची व्यवस्था ह्या वर्षीच झाली पाहिजे. निधी नंतर मागता येईल.